चष्म्याच्या घरापासून खांद्यावरच्या बॅगेपर्यंत: चामड्याची हातशिलाई घरच्या घरी

पहिलीच वस्तू म्हणून बॅग करायला घेऊ नका. मी घेतली होती. चार महिने ती अर्धवट शिवलेली कपाटावर पडून होती. शेवटी उसवायला घेतली तेव्हा लक्षात आलं की टाके बरे होते, गणित चुकलं होतं. पुढच्या बाजूला भोकं होती १५१ आणि कडेच्या पट्टीला १६१. ती दहा भोकं कुठे जिरवणार? कापडात असं काही झालं तर चुणी घालून भागतं. चामड्याला एकदा भोक पडलं की पडलं.

म्हणून आधी चष्म्याचं घर करू या. एकच तुकडा, एक घडी, पंचवीस सेंटीमीटर शिलाई. दोन संध्याकाळी पुरतात. बॅगेला लागणारं सगळं त्यात येतं: साचा, कापणी, भोकं, दोन सुयांचा टाका, कड. बॅगेचं गणित शेवटी सांगते.

चामडं कोणतं घ्यायचं

चामडं कमावायच्या दोन मुख्य रीती आहेत. एक झाडांच्या सालींची, दुसरी क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांची. आपल्याकडे पहिलीचं घरचं उदाहरण म्हणजे कोल्हापूर. तिथल्या जुन्या पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरवतात. त्यासाठी कातडंच पिशवीसारखं शिवून, आत सालीचं पाणी भरून टांगून ठेवतात. म्हणजे पिशवी व्हायच्या आधी चामडं एकदा पिशवी होऊन आलेलं असतं! कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांसाठी. ही विद्या ज्या ढोर आणि चर्मकार समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांना त्याच कामापायी गावाने लांब ठेवलं. आज आपण हौस म्हणून आरी हातात घेतो तेव्हा हे ठाऊक असावं. कारागिराशी घासाघीस करताना तर नक्कीच.

क्रोमचं चामडं मऊ, लवचीक, हव्या त्या रंगात मिळतं आणि पाण्याला जास्त टिकतं. बाजारातल्या बहुतेक पर्सेस त्याच्याच. पण त्याची कापलेली कड घासून गुळगुळीत होत नाही, मऊ धाग्यांची फुसफुशीतच राहते. ती आत दुमडावी लागते किंवा कडेला रंगाचे थर द्यावे लागतात. ओलं करून त्याला आकारही नीट देता येत नाही. नवशिक्याने सालीचंच चामडं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

दुकानात ओळखायचं कसं? कापलेली कड उजेडात धरा. क्रोमच्या कडेत मधोमध बऱ्याचदा निळसर-राखाडी रेघ दिसते. सालीचं चामडं आरपार तपकिरी असतं. रंग न चढवलेल्या सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो मुरतो आणि तिथे गडद डाग पडतो, वाळला की बहुतांशी जातो. मग तुकडा वरची बाजू आत घेऊन दुमडा. पृष्ठभागावर सैल सुरकुत्या उठल्या तर तो पोटाकडचा भाग आहे, तिथलं चामडं ताणतं. पाठीकडचं घट्ट असतं. घरासाठी पोटाकडचं चालून जाईल, बॅगेच्या पट्ट्याला कधीच नाही.

महाराष्ट्रात गायीबरोबर बैलांच्याही कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे इथल्या कातड्याची गोष्ट मुख्यतः म्हशीची आणि बकरीची. म्हशीचं जाड आणि दणकट, दाणा ठसठशीत. बकरीचं पातळ, अस्तराला उत्तम. मुंबईकरांना धारावी जवळ आहे. बाकी माल चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून येतो. विक्री चौरस फुटावर होते, पण पैशांआधी जाडी विचारा. चष्म्याच्या घराला दीड ते पावणेदोन मिलिमीटर, बॅगेला दोनच्या आसपास, पट्ट्याला तीन, अस्तराला एकच्या आत. काही दुकानदार जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर, म्हणजे चार औंसाचं चामडं १.६ मिलिमीटरचं. घराला एक चौरस फूट पुरून उरतं.

‘जेन्युइन लेदर’ या छापावर जाऊ नका. तो छाप खालच्या थराच्या चामड्यावरही मारतात. ‘फुल ग्रेन’ मागा आणि त्यावर एखादा ओरखडा, डासाच्या चाव्याची खूण दिसली तर खूश व्हा. वरचा थर घासून काढलेला नाही, याचीच ती खूण.

हत्यारं

इंटरनेटवर चाळीस हत्यारांचे संच दिसतील. पाकीट बंदच ठेवा. लागतं ते एवढंच: धारदार कटर, स्टीलची पट्टी, कंपासपेटीतलं कर्कटक, भोकं पाडायचा दातेरी काटा, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेणाचा दोरा, चामडं चिकटवायचं सोल्युशन, पॉलिश पेपर आणि लाकडी किंवा नायलॉनची हातोडी.

यातला काटा तेवढा चांगला घ्या. बाजारात त्याला प्रिकिंग आयर्न म्हणतात. दोन दातांचा एक आणि चार किंवा सहा दातांचा एक, दोन्हींचं अंतर सारखंच, चार मिलिमीटर. दोन दातांचा वळणावर लागतो, तो नसला तर गोल कोपरे विसरा. चार मिलिमीटरच्या भोकाला ०.८ मिलिमीटरचा मेणाचा पॉलिएस्टर दोरा शोभतो. साधा जाड दोरा आणून खादीच्या दुकानातल्या मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढला तरी काम होतं.

खाली ठेवायला जड दगड हवा. आमच्याकडे मिक्सर आल्यापासून पाटा बाल्कनीत कुंडी ठेवायला होता, तो घासून घेतला. त्याच्यावर जाड रबराचा तुकडा टाका, नाहीतर काट्याचे दाते दगडावर बसून पहिल्याच दिवशी बोथट होतील. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर ठोकाठोकी दुपारीच उरका. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्यावर मी हे शिकले.

मापं आणि साचा

चष्मा मिटवा. जिथे सर्वांत जाड आहे तिथे कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा. माझा भरला १५ सेंटीमीटर. त्याचा निम्मा साडेसात, त्यात शिलाई आणि चामड्याच्या जाडीसाठी एक सेंटीमीटर, झाली रुंदी साडेआठ. लांबी चष्म्याची १४.५, अधिक दोन, म्हणजे १६.५. झाकणाला आणखी सहा.

आता साचा असा: १७ सेंटीमीटर रुंद, २२.५ लांब आयत. मधोमध उभी घडीची रेघ. उजव्या अर्ध्याचा वरचा सहा सेंटीमीटरचा भाग कापून टाका, ती झाली पुढची बाजू. डाव्या अर्ध्यावर जो वर उरला ते झाकण. झाकणाचे कोपरे आणि शिलाईकडचा खालचा कोपरा दहा रुपयांच्या नाण्याने गोल करा. खालचे कोपरे घडीच्या दोन्ही बाजूंना आहेत, ते दुमडल्यावर एकावर एक यायला हवेत. म्हणून कागद दुमडूनच कापा.

कागदाचा साचा झाला की तो टेपने चिकटवून चष्मा आत घालून बघा. इथे आळस करू नका. चामड्याचा एक फूट वाया घालवण्यापेक्षा वर्तमानपत्राची चार पानं गेलेली बरी. नीट बसला की मग लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर उतरवून घ्या. लग्नपत्रिकांचा इतका चांगला उपयोग मला दुसरा माहीत नाही.

साचा चामड्यावर ठेवून आरीच्या टोकाने हलकी रेघ ओढा. बॉलपेन वापरू नका, ती शाई जात नाही. कटर एका दमात दाबू नका. पट्टी घट्ट धरून तीन हलक्या फेऱ्यांत कापा. पट्टी चामड्याच्या उरणाऱ्या भागावर ठेवा, म्हणजे कटर घसरला तर टाकाऊ बाजूला जातो. बोटं पट्टीच्या कडेपासून आत ठेवा.

शिवण्याआधी उरकायची कामं

शिवल्यावर जिथे हात पोचणार नाही त्या कडा आत्ताच पूर्ण करा. इथे त्या दोन: पुढच्या बाजूचं तोंड आणि झाकणाची कड. कशा करायच्या ते पुढे येतं.

टिचबटणही आत्ताच. पुढच्या भागावरचा अर्धा एकदा घर शिवून झालं की लावता येत नाही, कारण आत हातोडी जात नाही. बटण ठोकायचा साचा विकत घेण्याची गरज नाही. बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे तुकडा न्या, खुणा करून द्या, पाच मिनिटांत बसवून मिळतं. जागा मात्र चष्मा आत असताना ठरवा. रिकाम्या घरावर खूण केली तर भरल्यावर झाकण पोचत नाही.

घडीच्या रेघेवर आतल्या बाजूने ओला स्पंज फिरवा, दोन मिनिटं थांबा, दुमडा, आणि वरून वजन ठेवा. वजन म्हणून लोखंडी काहीही चालणार नाही! मी आजीचा लोखंडी खलबत्ता ठेवून झोपले. सकाळी चामड्यावर निळ्या-काळ्या शाईचा गोल उमटला होता. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) उकळून लिहायची काळी शाई करत, तेच इथे आपोआप झालं होतं: चामड्यातला हिरडा, खलबत्त्यातलं लोखंड आणि मध्ये पाणी. लिंबाच्या रसाने डाग बराच फिका झाला, रस नंतर साध्या पाण्याने पुसून काढावा लागला. तेव्हापासून वजन म्हणून जाड पुस्तकं, मध्ये सुती फडकं.

भोकं

घडी पूर्ण वाळू द्या. मग शिलाई येणाऱ्या कडेची आतली बाजू चार मिलिमीटर पॉलिश पेपरने खरखरीत करा, दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ थर लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबून बसवा. सोल्युशन लावताना खिडकी उघडी हवी, आणि जवळ देवाचा दिवा, उदबत्ती काही पेटतं नको. चिकटवल्यावर दोन्ही कडा एकसारख्या नसतील तर आत्ताच कटरने सरळ करा.

कर्कटक चार मिलिमीटरवर उघडा. एक पाय कडेबाहेर टेकवून दुसऱ्याने कडेला समांतर रेघ ओढत जा. ही शिलाईची रेघ.

काटा आधी ठोकू नका. हलका टेकवत संपूर्ण रेघेवर फक्त खुणा करा, काट्याचा मागचा दात आधीच्या शेवटच्या खुणेत ठेवून पुढे सरका. शेवटी घडीपाशी अर्धंच अंतर उरतंय असं दिसलं तर मागच्या सात-आठ खुणांमधलं अंतर केसभर कमी-जास्त करून फरक वाटून टाका. डोळ्याला तो दिसत नाही. सरळ ठोकत गेलात तर शेवटचा टाका दोन मिलिमीटरचा येतो आणि कायम तिथेच नजर जाते. कोपऱ्यावर दोन दातांचा काटा.

खुणा पटल्या की ठोका. काटा काटकोनात उभा, बाजूने बघून खात्री करा. तिरका गेला तर मागची भोकं रेघ सोडून कडेला पळतात. दोन थर मिळून साडेतीन मिलिमीटर होतात, काटा आरपार गेला नाही तर उरलेलं आरीने उघडा. माझी आरी इथे अडकायची आणि मी तिच्याशी कुस्ती खेळत बसायचे. चौकातल्या चपला शिवणाऱ्या काकांनी एकदा पाहिलं. त्यांच्या लाकडी पेटीच्या कोपऱ्यात कपड्याच्या साबणाची चिप होती. त्यांनी माझी आरी घेऊन त्यात खुपसली, परत दिली आणि म्हणाले, “ताई, कोरडी कशी जाईल ती?” लोण्यात गेल्यासारखी गेली. तेव्हापासून माझ्याही डब्यात साबण असतो.

दोन सुयांचा टाका

शिलाई मशीनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. एक तुटला की शिवण सुटत जाते. दोन सुयांच्या टाक्यात एकच दोरा दोन्ही बाजूंनी प्रत्येक भोकातून जातो. एका ठिकाणी झिजला तरी दुसरा फेरा धरून ठेवतो. खोगिरं याच टाक्याने शिवतात.

दोरा शिलाईच्या चौपट, वर सुयांसाठी एक वीत. २५ सेंटीमीटरला १२० ते १३० सेंटीमीटर. दोऱ्याच्या प्रत्येक टोकाला एक सुई ओवा, मग सुईचं टोक त्याच दोऱ्याच्या आरपार दोनदा टोचून दोरा नेढ्याकडे ओढून घ्या. सुई निसटत नाही, गाठही राहत नाही.

तुकडा धरायला सुताराकडून दोन फळ्या आणून गुडघ्यांत दाबा, मध्ये चामडं. दोन्ही हात मोकळे हवेत, हे महत्त्वाचं.

तोंडापासून तिसऱ्या भोकातून दोरा घालून दोन्ही टोकं सारखी करा. तोंडाकडे दोन टाके मागे जा, मग पुढे या. तोंडाला ताण येतो, तिथे दुहेरी दोरा हवा. पुढे प्रत्येक भोकात एकच क्रम: डावीकडची सुई आधी, पूर्ण ओढा. मग उजवीकडची त्याच भोकात, पहिल्या दोऱ्याच्या नेहमी एकाच बाजूने. दुसरी सुई घालताना पहिला दोरा थोडा मागेपुढे हलवून बघा. हलला नाही तर सुई दोऱ्यात घुसली आहे, काढून परत घाला. दोन्ही हात एकाच वेळी, सारख्या जोराने बाहेर ओढा. चामडं दबेल इतकं नाही, टाका बसेल इतकं.

क्रम मध्येच बदलला की टाक्यांचा तिरका कल तिथे तुटतो. फोनवर बोलत शिवू नका, हमखास तिथेच चुकतं. शेवटी घडीपाशी दोन टाके मागे घ्या, दोरे मागच्या बाजूला आणून दोन मिलिमीटरवर कापा आणि लायटरच्या आचेने टोक वितळवून दाबा. मेणाचा सुती दोरा असेल तर आच लावू नका, गोंदाचा ठिपका पुरे.

मग शिलाईवरून हातोडी हलकेच फिरवा. टाके बसतात, रेघ एकदम नीटस दिसायला लागते.

कड

हातकाम आणि बाजारातली वस्तू यांतला फरक मला नेहमी कडेतच दिसतो. टाके सगळेच बघतात. कडेवर अंगठा फिरवून बघणारा जाणकार.

दोन्ही थर मिळून एक दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, आधी २४० नंबर, मग ४००, मग ६००. कानशीच्या तुकड्याने किंवा कटरने धारदार कोपरे हलकेच मारा. आता गोंद कतिरा. उन्हाळ्यात सरबतात घालतात तोच, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. चिमूटभर वाटीभर पाण्यात रात्रभर भिजवा, फुगून जेलीसारखा होतो. बोटाने फक्त कडेवर लावा, सांडला तर लगेच पुसा. कड किंचित ओलसर असतानाच जुन्या जीन्सच्या तुकड्याने जोरात, भराभर घासा. हात गरम झाला पाहिजे. दोन मिनिटांत कड गडद आणि काचेसारखी चमकू लागते. नाही आली तर पुन्हा ६००चा पेपर, पुन्हा गोंद. चार फेऱ्या म्हणजे जास्त नाहीत. शेवटी मेणाची कांडी फिरवून कोरड्या कापडाने पुसा.

आता बॅग

समजा खांद्यावरची छोटी बॅग, पुढची बाजू २४ बाय २०, खोली सहा सेंटीमीटर. मागची बाजू आणि झाकण एकाच तुकड्याचे: २४ बाय ४२. तीन बाजूंनी फिरणारी पट्टी, आणि खांद्याचा अडीच सेंटीमीटर रुंद पट्टा.

त्या दहा भोकांकडे वळू. मी पट्टीची लांबी काढली ती २० अधिक २४ अधिक २०, म्हणजे ६४. चौरस कोपऱ्याला ते जवळपास बरोबर आलं असतं. पण माझे खालचे कोपरे तीन सेंटीमीटर त्रिज्येचे गोल होते, आणि शिलाई कडेवर नसते, चार मिलिमीटर आत असते. म्हणजे वळणाची खरी त्रिज्या २६ मिलिमीटर. त्याच्या पाव वर्तुळाची लांबी ४१ मिलिमीटरच्या जवळ. दोन्ही उभ्या बाजू १७-१७, तळ १८, दोन वळणं मिळून सव्वाआठच्या आत. बेरीज ६० आणि थोडं. चार मिलिमीटरने भागा, १५० टाके, १५१ भोकं. पुढच्या बाजूवर नेमकी तेवढीच होती.

म्हणून पट्टी ६२ सेंटीमीटर कापा, भोकं मोजून १५१ पाडा आणि वरचं उरलेलं शेवटी छाटा. रुंदी आठ सेंटीमीटर: सहा खोली, आणि दोन्ही बाजूंना एकेक सेंटीमीटर बाहेर वळवायला. ही कड ओली करून दुमडून वाळवा. कोपऱ्यावर तिला बाहेरून ताणावं लागतं, कोरडी असली तर चिरते. चिकटवताना वरून सुरुवात करू नका. पट्टीचं ७६ वं भोक आणि तळाचं मधलं भोक सुईने एकत्र धरा आणि तिथून दोन्ही बाजूंना वर जा. फरक पडलाच तर तो तोंडाशी येईल, जिथे छाटता येतो.

डी रिंग, बक्कल पितळेचेच घ्या. लोखंडावर चढवलेला मुलामा घामाने जातो, आणि लोखंड व ओलं चामडं यांची शाई तुम्हाला आता माहीत आहे. पट्टा जिथे बॅगेला जोडता तिथे आतून चामड्याचा आणखी एक तुकडा लावून मगच रिव्हेट मारा, सगळं वजन तिथेच लटकतं. या बॅगेला सगळं मिळून अडीच चौरस फूट लागतं, पण घेताना चार घ्या. त्यातून सव्वा मीटरचा अखंड पट्टा निघणार नाही. पट्ट्यासाठी पाठीकडची लांब पट्टी वेगळी मागा, किंवा दोन तुकडे करून जोड बक्कलपाशी आणा.

पावसाळा

आपल्याकडे चामड्याचा खरा शत्रू जुलै. बॅग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर आठवड्याभरात पांढरी बुरशी. जुन्या सुती पिशवीत, आत चुरगळलेले वर्तमानपत्र भरून, कपाटात हवा खेळेल अशी ठेवा. बुरशी आलीच तर गच्चीवर नेऊन कोरड्या फडक्याने झटका, मग पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून सावलीत वाळवा. थेट उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर धरलं की चामडं ताठतं. वर्षातून दोनदा नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्यासाठीचं तेल) चार थेंब कापडावर घेऊन चोळा. रंग थोडा गडद होतो, ते चालतं. खोबरेल लावू नका, काही महिन्यांनी कपाट उघडलं की आधी खवट वास येतो, मग बॅग दिसते.